चुन्याचं बोट

…अन् वर मलाच म्हणतात, "पुनम, तुला त्यातलं काय कळतं?" आता तुम्हीच सांगा, ज्या बाईला सकाळी चहाच्या आधी अन् संध्याकाळी भाकरीच्या आधी गाडीत बसवून "एक्सलेटर दाब… सोड… दाब… अगं सोड म्हणलं ना" केलं, तिला न्हाई कळणार तर कुणाला कळणार? आमचे हे, भागवतराव, नांदेडात पाईप अन् पाण्याच्या मोटारीचं दुकान हाय ह्यांचं. माणूस निर्व्यसनी, हाव, सुपारीसुद्धा खात न्हाईत. पण ती लाल गाडी घरात आली अन् सगळ्या व्यसनांची भरपाई झाली बघा. पुण्याच्या कुण्या शर्यतवाल्याची जुनी गाडी, इंजिनाला नाही नाही ते करून ताकद वाढवलेली. चालू केली की गल्लीतली कुत्री आधी पळतात अन् मग लांबून भुंकतात. नव्या गाडीत सगळं कॉम्प्युटर करतो म्हणे, हिच्यात मात्र हातानं करायचं. काय करायचं? टायमिंग. कशाचं? ठिणगीचं. पेट्रोल आत जातं, ठिणगी पडते, भडका होतो, गाडी पळते, इतकं मलाबी कळलं. पण ठिणगी कवा पडली पाहिजे?

ह्यांना विचारलं तर म्हणाले, "पिस्टन पार वर पोचायच्या जरा आधी." मी म्हणलं, "आधी कामून? पोचू द्या की बिचाऱ्याला." तर म्हणे, "पेटायला वेळ लागतो." मी त्याच्यावर विचार करून राहिले, अन् तुम्हाला सांगते, भाकरी थापता थापता उजेड पडला डोक्यात. ह्यांना जेवायला हाक कवा मारते मी? भाकरी तव्यावर असतानाच. कारण "आलोच" म्हणून हे उठेपर्यंत भाकरी फुगून, उतरून, ताटात पडलेली असते. लई आधी हाक मारली तर येऊन ताटावर वाटी वाजवत बसतात. उशिरा मारली तर भाकरी गार. तेच इंजिनाचं. आधी पडली ठिणगी तर आतून टकटक, उशिरा पडली तर गाडीला जोरच न्हाई. हे सांगितलं तर हे बघतच राहिले माझ्याकडं. मग म्हणाले, "बरोबर हाय… पण तुला त्यातलं काय कळतं?" घ्या.

आता एवढी तगमग कशासाठी? तर भाचीसाठी. शिरूर अनंतपाळच्या आमच्या आक्कांची लेक, ऋतुजा. बाप लहानपणीच गेला तिचा, मामाच्या अंगाखांद्यावर वाढली पोरगी. लग्न ठरलं तसं मामाला म्हणली, "मामा, मी सासरी तुझ्या लाल गाडीतच जाणार, न्हाईतर जाणारच न्हाई." झालं. ह्यांचे डोळे भरले, अन् दुसऱ्या दिवसापासून माझे भरायला लागले, पेट्रोलच्या धुरानं.

तर ते टायमिंग बघायला ह्यांनी बंदुकीसारखा एक दिवा मागवला. इंजिन चालू करायचं, पुढं एक चाक गरगर फिरतं, त्याच्यावर दिवा धरायचा. दिवा ठिणगीबरोबर लुकलुकतो, अन् फिरत्या चाकावरची खूण जागच्या जागी उभी दिसते. तुम्हाला खोटं वाटंल, मी मुंडी घालून बघितलं. चाक फिरून राहिलं अन् पांढरी खूण ढिम्म उभी. मी तर स्वयंपाक विसरले. मग हे ठिणगी वाटणारा डबा असतो तो जरा इकडं फिरवायचे, जरा तिकडं, खूण इंजिनावरच्या काट्यासमोर आली की आवळायचे. डबा आवळला अन् गाडी विष्णुपुरीपर्यंत काय पळाली म्हणता… परत येऊन हे दारातूनच ओरडले, "बघितलं? कंपनीच्या खुणेवर बसवलंय. शास्त्र हाय हे." पुढचे कितीतरी दिवस गिऱ्हाईक पाईप मागायचं अन् हे त्याला ठिणगी कवा पडली पाहिजे ते सांगायचे.

आता गप बसावं की न्हाई माणसानं? न्हाई. लग्नाच्या आदल्या दिवशी म्हणे, नवरी बसणार, गाडी चकचकीत पाहिजे. इंजिनसुद्धा धुतलं, घासून. अन् धुतल्यावर बघतात तर काय, पांढरी खूण गायब. अन् ग्रीसखाली चाकाला भलत्याच जागी एक खाच. ह्यांचं तोंड उतरलं. "खरी खूण ही हाय? मग मी इतके दिवस कशावर बसवलं होतं?" मी म्हणलं, "पळत होती ना? ऱ्हाऊ द्या." पण ऐकतील तर ते भागवतराव कसले. बसवलं खाचेवर.

दुसऱ्या दिवशी शिरूर अनंतपाळला लग्नाला निघालो. पुढं आम्ही दोघं, मागं आत्याबाई, म्हणजे ह्यांच्या माय, केवळाबाई, मांडीवर पानाची चंची. लोह्याच्या अलीकडं जरासा चढ आला अन् गाडी हेंदकाळायला लागली. सायकलवाला पुढं गेला. ऊस भरलेला ट्रॅक्टरसुद्धा पुढं गेला, वर ड्रायव्हरनं हात केला. शेवटी बाजूला घेतली. गरम वाफ, अन् तितकेच गरम आमचे हे. लग्न साडेबाराचं, अन् मंगलाष्टकाला नवरीच्या मागं मामा नको? घटकेत माणसं जमली. एक म्हणे, "साहेब, प्लग बघा." दुसरा म्हणे, "पेट्रोलात पाणी हाय." तिसरा म्हणे, "इकून टाका." हे बोनेटवर डोकं टेकून म्हणले, "ती पांढरी खूणच बरोबर होती… कुठून आली होती, कुठं गेली, काय की."

मागून आत्याबाई पान चावत म्हणल्या, "पांढरी? आरं, ते माझं चुन्याचं बोट असंल."

तुम्हाला सांगते, ह्यांचं डोकं बोनेटवरून खाडकन वर आलं.

"खंडेनवमीला सगळ्या अवजारांना लावलं न्हाई का? दुकानातल्या मोटारींना लावलं, वजनकाट्याला लावलं, हिच्या शिलाई मशिनीला लावलं. तुझ्या गाडीचं तोंड उघडंच होतं."

"माय," हे रडवेल्या आवाजात म्हणले, "पण लावलं कुठं होतंस?"

"जिथं हात पोचला तिथं."

म्हणजे शास्त्र कुणाचं? मला हसू आवरंना, पण ह्यांच्याकडं बघितलं अन् पदर तोंडाला लावला. तिकडं ती पोरगी वाट बघून राहिली असंल. मी जाऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसले, म्हणलं, "मी दाबते, तुम्ही कानानं बसवा. वाटी वाजली की हाक जरा उशिरा मारायची, इतकंच." ह्यांनी डोळे मिटले, डबा सैल केला. जरा पुढं… टकटक. जरा मागं… मेल्यावाणी. पुन्हा थोडं पुढं, अन् इंजिन असं मोकळं झालं की प्लगवाला म्हणाला, "वा." मग डिक्कीतला तो दिवा काढून, त्यात बघून ह्यांनी जागा हेरली, इंजिन बंद केलं अन् म्हणाले, "माय, चुना काढ. हितं लाव." आत्याबाईंनी चंचीतली डबी काढली, आधी हात धुतला, मग चाकाला बोट लावलं, वर नमस्कार केला. ह्यांनीबी केला. कंपनीची खूण खोटी कशी निघाली म्हणाल तर, चाकाची बाहेरची कडी रबरावर बसवलेली असते, ती जुनी होऊन सरकली असणार, म्हणे. अन् पयलं बोट बरोबर कसं पडलं होतं? तर म्हणे, "योगायोग."

पोचलो तवा नवरदेव मंडपात यायचा सोडून पारावरच नाचून राहिला होता, म्हणजे आम्ही लवकरच पोचलो. मामा भाचीच्या मागं उभा ऱ्हायला. निरोपाला पोरगी रडत रडत लाल गाडीत बसली, ह्यांनी चावी फिरवली, एका झटक्यात चालू, अन् ती रडता रडता हसली. मीबी रडले, खोटं कशाला बोलू.

पण आता ऐका. ठिणगी कवा पडली पाहिजे हा प्रश्न मिटला, पण त्या बोटाला पाणी लागू द्यायचं न्हाई, असा घरात हुकूम हाय. फडकंसुद्धा मारायचं न्हाई. शेजारीण इचारते, "पुनमताई, तुमची ती लाल गाडी इकली का हो?"

न्हाई बाई, इकली न्हाई. ती काय, मातीच्या रंगाची उभी हाय दारात.