लोक्वेशस उमेदवार

...नाही, तुमीच सांगा ना मले, पोटच्या पोरीनं बापाले नाव ठेवाचं, अन् थेही इंग्रजीत ठेवाचं, अन् इंग्रजीतही असं का बापाले समजू नये, याले शिक्षन म्हनाचं का? अवो, वऱ्हाडीत ठेव ना! बह्याड म्हन, भैताड म्हन, माह्या बापानं जनमभर दुसऱ्या नावानं हाकच मारली नाही मले, आपन कधी वाईट वाटून घेतलं? पन इंग्रजीत! तुमाले सांगतो, मी याच्यावर काही बोलनारच नव्हतो, आपल्याले जास्त बोलाची सवयच नाही, पन आता तुमीही एस्टीची वाट पाहून राहिल्या अन् मीही पाहून राहिलो, अन् वरूडची गाडी म्हनजे तिले फलाटाले लागाची कधीच घाई नसते, तवा थोडक्यात सांगतो. सरका जरा ताई, बसतो.

मी नत्थुजी. वरूडच्या अलीकडे आमचा संत्र्याचा बगीचा. पौर्णिमा माही एकुलती एक पोरगी, बी.एस्सी. झाली, आता बँकेच्या परीक्षेची तयारी करून राहिली. शनिवार-रविवार अठी अमरावतीले क्लास, बाकीचा आठवडा घरी पाठांतर. आताच तिले क्लासले सोडून आलो. तं या क्लासच्या सरानं सांगतलं का तुमची व्होकॅब्युलरी वाढवा, म्हनजे इंग्रजी शब्द वाढवा, अन् साधे नाही, हायर! मंग आतापर्यंत शाळा-कॉलेजात शिकवलं थे काय लोअर होतं का? उदास मानसाले 'सॅड' म्हनाचं नाही म्हने आता, 'मोरोस' म्हनाचं. कावून? थो मानूस आधीच उदास हाये, त्याले सॅड म्हटलं काय अन् मोरोस म्हटलं काय, त्याच्या घरचं भांडन मिटते का? पन मी बोललो काही? नाही बोललो.

बरं, हे शब्द ध्यानात राहाचे कसे? तं सर मोठा हुशार. पुन्याले राहून आला तवापासून नाकातून बोलते. "हे पहा विद्यार्थ्यांनो, प्रत्येक शब्द आपल्या घरातल्या एखाद्या व्यक्तीला चिकटवून टाका, म्हणजे तो जन्मात विसरणार नाही." अन् आमची पोरगी आज्ञाधारक. सराची, बापाची नाही! तिनं सारं गनगोत इंग्रजीत काढलं ना बाप्पा!

माही बायको कौशल्या, टूथपेस्ट सरली का ट्यूब पोयपाटावर ठेवून लाटन्यानं लाटते अन् त्यातून आनखी आठवडा काढते, तं थे झाली फ्रुगल. फ्रुगल म्हनजे काटकसरी. कौशल्याचा भाऊ मोर्शीले राहते, सख्ख्या पोराच्या लग्नातबी तोंड असं करून उभा होता का जशी मांडवातच गारपीट झाली, तं थो मोरोस. मोर्शीचा मोरोस मामा. बसलं का नाही ध्यानात? पाहा, तुमच्याही बसलं! शेजारची तानुबाई, चप्पल काढाच्या आधी आमच्या गंजावरचं झाकन काढून पाहते का आज काय रांधलं, थे इन्क्विझिटिव्ह. भोचक म्हना. अन् आमची म्हैस, तिलेही सोडलं नाही, थे लेथार्जिक, म्हनजे सुस्त. आता म्हशीले इंग्रजीत सुस्त म्हटलं तरी थे दूध तेवढंच देते, म्हनून थे काही बोलली नाही. मीही नाही बोललो. उलट मले तं मजाच यायची.

पन मानसाच्या मनात येतेच ना, का बापा, साऱ्यायचा नंबर लागला, म्हशीचाही लागला, मंग माहा शब्द कोन्ता? पोरगी आपल्या बापाले मनातून काय समजते, हे बापाले मालूम पाहिजे का नको? तोंडावर कोन्ती पोरगी सांगते? तं मी आपला कान देऊन होतो. अन् एक दिवस सकायी बादली घेऊन गोठ्यातून येऊन राहिलो, तं वर गच्चीवर पोरगी येरझाऱ्या घालून पाठ करून राहिली, "लोक्वेशस, बाबा. लोक्वेशस, बाबा." मी बादली धरून तसाच उभा! म्हटलं, पोरी, म्हनजे काय वं? तं म्हने, काही नाही बाबा, चांगला शब्द हाये. अन् अंदर कौशल्या पदरात तोंड खुपसून हासून राहिली. मले वाटलं, फ्रुगल बाई, दुसऱ्याचं कौतुक झालं तं तिले थोही खर्चच वाटत असन.

आता मी काही अडानी नाही, बारावी पास हाव. डोकं लावलं. लोक्वेशस... त्यात पह्यले काय येते? लोक! लोकप्रिय, लोकनेता, लोकसभा, अन् लोक्वेशस. म्हनजे लोकायतला मानूस, लोकायत उठनारा-बसनारा. इंग्रजायनं आपलाच शब्द उचलला असन, एवढे वर्सं राज्य केलं, जाताना एखादा शब्द संगं नेला नसन का? तरी खातरी करावी म्हनून मोबाइलले इचारलं. थे माइकचं चित्र असते ना, थे दाबलं अन् मोठ्यानं म्हटलं, लोक्वेशस! त्यानं लोकेशन दाखवलं. पुन्हा म्हटलं, लोक्वेशस! त्यानं पुन्हा आमच्या गावाचा नकाशा काढला, अन् नकाशाच्या मधात एक निळा ठिपका, का तुमी अठी हा. म्हटलं, बराबर हाये. लोक म्हनजे गाव, अन् गावाच्या मधात मी. याच्याहून जास्त काय सांगन इंग्रजी?

छाती अशी फुगली ना! पोरगी आपल्याले लोकायचा मानूस समजते. दुसऱ्या कोनाले सांगतलं का मी? नाही सांगतलं, आपल्याले जास्त बोलाची सवयच नाही. फक्त फ्लेक्सवर लिहिलं.

कावून म्हनजे? त्याच टायमाले गावच्या सोसायटीची निवडनूक लागली! मी उभा, अन् माह्यासमोर शेखर, खत-बियान्याचा दुकानदार. त्याचं फ्लेक्स पह्यले लागलं, 'दमदार, दिलदार, जबाबदार'. हेच तीन शब्द साऱ्या जिल्ह्यात फिरते, खाली फोटो तेवढा बदलते. म्हटलं आपन हायर काही देऊ. गेलो वरूडले, फ्लेक्सवाल्या ललितच्या दुकानात, त्याले म्हटलं, लिही, 'आपल्या गावचा लोक्वेशस उमेदवार'. ललित म्हने, "काका, लोकप्रिय म्हनाचं का तुमाले?" म्हटलं, अबे, लोकप्रिय तं सारेच झाले, पडलेलेही लोकप्रियच होते. तू हे लिही. त्यानं लिहिलं, त्याच्या बापाचं काय जाते? फोटो असा का डोयाले काया चष्मा, हातात संत्र, अन् त्याच्यावर एवढाल्या अक्षरात लोक्वेशस. गावच्या स्टँडच्या समोर निंबाच्या झाडाले बांधलं. लोकं रस्त्यात थांबवून म्हनत, काय लोक्वेशस, चहा घेता का? शायेतले मास्तर तं फ्लेक्स पाहून हासले, अन् दोन्ही हात जोडून गेले निघून. मले वाटलं, मान देऊन राहिले! अन् पौर्णिमा कुठी? थे तवा अठी अमरावतीले, सराव परीक्षा म्हनून मैत्रिनीच्या खोलीवर. तिले मी फोनवर सांगतलंच नाही, म्हटलं घरी येऊन पाहू दे, चकित होऊ दे.

शेवटच्या सभेत शेखर माइकवर आला. हातात मोबाइल. मोठा सभ्य आवाज काढला त्यानं, "बंधू-भगिनींनो, मी आपल्या विरोधकांवर टीका करणार नाही. त्यांनी स्वतःच ती फ्लेक्सवर छापून आणली आहे. लोक्वेशस म्हणजे अतोनात बडबड करणारा."

बस! सारी सभा लोटपोट. लहान पोट्टे हासून राहिले, बाया हासून राहिल्या, माह्या बाजूनं बसलेले माहे मानसं हासून राहिले, अन् मी मधात, त्या निळ्या ठिपक्यावानी! मी... बडबड्या? तुमी इतक्या वेळच्या माह्यापाशी बसल्या हा, तुमीच सांगा, मी तुमाले जास्त बोललो का काही? जेवढ्याले तेवढं! अन् आमच्या बगीच्याचा माल मंडीत चांगल्या भावानं जाते थो काय चूप बसून जाते का? म्हनच हाये, बोलनाऱ्याची अंबाडी इकते अन् न बोलनाऱ्याचे गहू पडून राह्यते. पन इकनं वेगयं अन् बडबड वेगयी! घरी आलो तं कौशल्याले धरलं, म्हटलं, तुले अर्थ मालूम होता ना, मंग फ्लेक्स लागाच्या आधी कावून नाही बोलली? तं म्हने, "तुमी बोलू द्याल तवा ना."

...निवडून आलो. हाव! दचकू नका. बुधाजी म्हनून आमच्या गावातलं सर्वांत म्हातारं मानूस हाये, थे पारावर बसून म्हने, "जनम गेला फ्लेक्स वाचन्यात, पन खरं लिहिलेला हा पहिलाच." अन् बाकीच्यायनं इचार केला का याले हापिसात पाठवा, साहेब अर्ध्या गोष्टीतच वैतागून सही करून देते. गुलाल टाकला, खांद्यावर घेतलं. पन मले सांगा, त्या गुलालाचं काय करू मी? गावानं बडबड्या म्हटलं तं म्हटलं, गावाले मीही कमी म्हटलं नाही. पन पोरगी! लहानपनी तापानं फनफनली का माही गोष्ट ऐकल्याशिवाय डोये मिटत नव्हती, अन् मोठी होऊन तिनं त्याच बापाचं हे नाव ठेवलं? आतून लागलं मले. लय लागलं. तवा ठरवलं, आता बोलनंच बंद. हुं का चूं नाही.

सुरवातीले कौशल्या खूश. निवांत पोया लाटे. मंग तिनं माह्या कपायाले हात लावून पाह्यला. मंग तानुबाई आली चौकशीले, इन्क्विझिटिव्हच थे, तिनं झाकन न काढताच इचारलं का यायले काय झालं, म्हनजे पाहा मामला किती गंभीर! मोर्शीहून मोरोस भेटाले आला, माह्यासमोर चूप बसला, मीही चूप, जाताना कौशल्याले म्हने, आज पहिल्यांदा भाऊजीसंगं चांगलं जमलं. अन् म्हशीनं दूध कमी केलं ना! दोहताना मी तिच्यासंगं दोन शब्द बोलतो, थेही बंद होते.

तवा पौर्णिमा घरी आली. माह्यापाशी ओट्यावर येऊन बसली. म्हने, "बाबा, बोला ना." मी चूप. म्हने, "फ्लेक्सचं समजलं मले. पन मी वाईट मनानं नव्हतं ठेवलं बाबा. बाकीचे शब्द घोकघोक घोकते अन् विसरते. तुमचा तेवढा एकदाही नाही विसरली." मी चूपच. पन हे आतलं हललं. मंग म्हने, "तुमी चूप बसले, घर कसं खायाले उठते. लहानपनापासून तुमच्या आवाजातच अभ्यास केला मी. आता एक शब्द डोक्यात जाऊन नाही राहिला. पुढच्या महिन्यात परीक्षा हाये, बाबा. बोला."

आता तुमी सांगा, डोये भरनार का नाही मानसाचे? भरले! कशाचा गुलाल अन् कशाचा शेखर. म्हटलं, पोरी, तुह्या परीक्षेसाठी बोलतो, नाही तं आपल्याले काही सवय नाही. अन् सुरू केलं. गारपिटीपासून धरलं, तठून मंडी, मंडीतून सोसायटी, सोसायटीतून शेखरच्या सात पिढ्या, इतक्या दिवसाचं तुंबलेलं, असं मन लावून बोललो, असं बोललो, अन् पोरगी समोर पुस्तक घेऊन मान डोलवून राहिली, मी म्हटलं पाहा, कशी ऐकते! माही पोरगी हाये! तं वारा आला, तिचे केस सरकले बाजूले... अन् कानात कापूस. दोन्ही कानात. वातीचा, कौशल्याच्या देव्हाऱ्यातला!

म्हटलं, पोरी, हे काय वं?

तं कापूस न काढता म्हने, "थांबू नका बाबा. तुमचा आवाज पाहिजे मले, ऐकाचं काही नाही."

...आता याच्यावर काय बोलाचं मानसानं? काही नाही बोललो. बोलत राह्यलो.

ताई, तुमी दुपट्टा कानाले कावून गुंडाळून राहिल्या? थंडी तं नाही. ...बांधा, बांधा. गाडी येतवर मी हावच.