कच्चे टाके

दाताच्या दवाखान्यात गाल धरून बसलेल्या मास्तरांना तोंड उघडणं शक्य नव्हतं, त्यामुळे ऐकणं भाग होतं. शेजारचे काका वर्तमानपत्रातलं फुटबॉलचं पान आपटत पलीकडच्या बाईंशी बोलत होते.

"सगळेच शर्ट ओढतात हल्ली! वर्षभर घरी बसवा एकेकाला, सुतासारखे सरळ येतील."

"सगळ्यांना बसवलं तर खेळणार कोण, काका?"

"नाही खेळले तरी चालेल! आपल्या क्लबची पोरं मात्र तसली नाहीत हं."

"त्यांचे शर्ट मीच शिवते. सामना संपला की समोरच्यांचा शिंपीही माझ्याइतकाच वेळ शिवत बसतो."

"अहो, पण शनिवारी आपल्या नऊ नंबरचा शर्ट खांद्यापासून टर्रकन फाडला त्यांच्यातल्या एकाने! लाल कार्ड मिळालं ते बरं झालं. त्याला जन्मभर बंदी हवी."

"त्याने जोर लावलाच नव्हता. खांद्याला मी कच्चे टाके घातले होते."

"म्हणजे?"

"नुसतं ओढलेलं पंचांना दिसत नाही, फाटलेलं दिसतं. म्हणून हात लागताच उसवेल इतपतच शिवलं."

"कोणी सांगितलं असं करायला?"

"कोणी नाही. शिवून शिवून वैतागले होते. आता त्या पोराला तीन सामने बंदी झालीय, आणि माझ्या घशाखाली घास उतरत नाही. आज जाऊन पंचांना सांगूनच टाकते. तुम्हीच सांगा काका, मला काय शिक्षा व्हावी?"

काकांनी वर्तमानपत्राची नीट घडी घातली. मास्तर गाल विसरून वाट बघत राहिले.

"ताई, सोमवारी सांगा की. रविवारी त्यांच्याशीच फायनल आहे."