पांढऱ्या फुलीवरची बाई

(दक्षिण सुदान. दलदलीच्या काठचं मोकळं मैदान. विमानाला खूण म्हणून अंथरलेल्या पांढऱ्या कापडाच्या फुलीवर न्यावाल ठाण मांडून बसली आहे. तिच्यासमोर मदतसंस्थेचा माणूस बिएल, आणि तान्ह्या लेकीला घेतलेली न्याबोथ.)

न्यावाल : ज्वारी कांडताना माझी आई मुसळाच्या ठेक्यावर म्हणायची. अजून कानात आहे बघ तिचा आवाज –
'चांदण्या गं आभाळीच्या, मोजू नये बाई,
मोजलेलं गोत मग पुरं उरत नाही.'

बिएल : गाणं नंतर, मावशी. आधी उठा. अर्धी फुली तुमच्या बुडाखाली, अर्धी गुंडाळून काखेत. वैमानिकाला खूण दिसली नाही तर तो एकही पोतं टाकणार नाही.

न्यावाल : म्हणून तर बसलेय.

न्याबोथ : ऊठ ना गं, आत्या! सोळा दिवस झाले, पाणकमळाच्या बियांची पेज पाजतेय हिला. आता तर ही रडतसुद्धा नाही.

न्यावाल : मागल्या खेपेला आभाळातून ज्वारी पडली. किती दिवस खाल्लीस?

न्याबोथ : दोन.

न्यावाल : तिसऱ्या दिवशी कोण आलं?

न्याबोथ : बंदूकवाले. तुला ठाऊक नाही होय?

न्यावाल : आणि पोती कुणाच्या डोक्यावरून गेली?

न्याबोथ : आमच्याच. पण दोन दिवस तर खाल्ली ना! त्या दोन दिवसांच्या दुधावर ही जगली, आत्या.

बिएल : ऐकलंत? आज विमान पोती न टाकताच माघारी फिरलं तर राजधानीतले, जुबाचे साहेब म्हणतील, या लोकांना नकोच आहे. मग पुढचं विमान पावसाळा सरल्यावर.

न्यावाल : ज्वारी नको असं कोण मेलं म्हणतंय? होडीतून आण. दोन-दोन पोती, लव्हाळ्याखाली झाकून. आम्ही बेटांवर लपतो, तिथं आण.

बिएल : तसा नियम नाही. बंदूकवाल्यांच्या कमांडरला जागा सांगावी लागते, दिवस सांगावा लागतो. न सांगता होडी आणली तर तो पुढचं विमान पाडेल.

न्यावाल : म्हणजे चोराला विचारून घराची कडी काढायची! तुमचं पुण्य मोठं न्यारं रे बाबा.

बिएल : मी काय परका आहे? याच पाण्यात पोहायला शिकलो. तुमच्या गाईचं दूध प्यालोय.

न्यावाल : म्हणूनच शिव्या देतेय. परक्याला पाणी पाजून वाटेला लावलं असतं. मागल्या खेपेला वही घेऊन दारात आलास. 'लेकरं किती?' मी म्हटलं, देव जाणे. मग तू काय लिहिलंस?

बिएल : गातकोय, तुमचा लेक. त्याला मी ओळखत होतो, बरोबरीनं गुरं राखलीत आम्ही. बाकीची तुम्ही सांगितली नाहीत, म्हणून दोघांचंच धान्य मिळालं तुम्हाला.

न्यावाल : दोघांचंच सगळ्यांनी खाल्लं. मग बंदूकवाले आले ते थेट माझ्या दारी. 'गातकोय कुठाय? बाहेर ये.' नावानं हाक मारली आणि लढायला ओढून नेलं त्याला, बिएल. या दलदलीतल्या पोराचं नाव त्यांना कुणी सांगितलं?

बिएल : विमानाचा आवाज येतोय. उठा, हात जोडतो. वरून पडलेलं पोतं माणूस ओळखत नाही.

न्यावाल : पडू दे. पांढऱ्यावर म्हातारी छान दिसेल वरून.

न्याबोथ : बिएलदादा, ती काय विचारतेय?

बिएल : ...कमांडरनं वही मागितली. वही नाही तर विमान नाही म्हणाला. इथं रोज एक पोर पुरत होतो आपण, मावशी. दिली मी.

न्यावाल : ठाऊक होतं मला.

बिएल : मग इतके दिवस बोलला का नाहीत?

न्यावाल : तुझ्या तोंडून ऐकायचं होतं.

न्याबोथ : आणि दादा, या खेपेची वही? ज्यात माझं घर लिहिलंस ती?

बिएल : त्याच्याच तंबूत आहे.

न्याबोथ : माझ्या भावाचं नाव आहे त्यात?

बिएल : आहे.

न्याबोथ : सरक गं, आत्या. मला बसू दे.

बिएल : न्याबोथ, पोर आहे तुझ्या मांडीवर!

न्याबोथ : म्हणून तर. बोल तुझ्या त्या वायरलेसवर, काय बोलायचं ते.

बिएल : हॅलो, बिएल बोलतोय. मैदान मोकळं नाही. नाही, गोळीबार नाही, बायका बसल्यात. नाही, उठणार नाहीत. पोती टाकू नका. हो, माझ्या जबाबदारीवर. माघारी जा.

न्याबोथ : वळलं. खरंच वळलं गं... आता हिला काय घालू, तेही सांग.

बिएल : नदीच्या बंदरावरच्या कोठारात लेकरांसाठी शेंगदाण्याचा खाऊ आहे. किल्ली माझ्याकडे आहे. दिवस मावळायच्या आत होडी घेऊन येतो. नोकरी तर गेलीच म्हणा.

न्यावाल : जाऊ दे. वल्हं मारायला साहेब लागत नाही.

बिएल : तुझ्या लेकीचं आधी, न्याबोथ. आणि मावशी, तुमच्याकडे किती... नको. राहू दे. अंदाजानं आणतो.

न्यावाल : चार आहेत. गातकोय धरून पाच. लिहू नकोस, बिएल. ध्यानात ठेव.