पेजवरचं चहाचं आमंत्रण

परवाची गंमत सांगतो. मी भट्टीवर खवा आटवत होतो, तेवढ्यात शेजारचा सलीम मोबाईल नाचवत आला.

"भाऊ, तुमच्या पेढ्यांच्या पेजवर लोक लई वाढलेत! पैसे भरले का कुठं?"

"नाही रे. सुमननं सुरू केलेलं पेज बंद पडू नये, म्हणून उत्तरं तेवढी देतो."

"काय उत्तरं?"

"कुणी पेढा आवडला म्हणलं, की 'घरी चहाला या' लिहितो."

"सगळ्यांना?"

"एकाला बोलावून दुसऱ्याला कसं टाळायचं?"

दारात जीप थांबली. तामलवाडीहून जीपभर माणसं चहाला आली होती. सलीम कप आणायला पळाला.

चहा पिता पिता त्यांतल्या आजी म्हणाल्या, "व्हिडिओत बोलती ती सुमन कुठं हाय? तिलाच बघायला आलो."

मी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

माझी बायको सुमन वारल्याचं मी पेजवर अजून लिहिलेलं नाही.