होडी कोण वळवत होतं

तंत्रज्ञ : खरं सांगा ताई, की-बोर्डला हात कोणी लावला?

मुलगी : कुठे काय? कोणीच नाही.

तंत्रज्ञ : उगाच आव आणू नका. आज तपासायला बसले म्हणून कळलं. मेंदूचे संकेत टिपणारी टोपी तुमच्या बाबांच्या डोक्यावर, आणि गेममधली होडी वळतेय बाणाच्या बटणांवर. तीन आठवडे!

मुलगी : हळू बोला ना, बाबा पलीकडच्या खोलीत आहेत... मीच दाबत होते. पहिल्या दिवशी होडी तासभर खडकांवर आपटत होती. त्यांचा चेहरा बघवेना हो मला. म्हटलं, एकदाच. तर ते हसले! जिन्यावरून पडल्यापासून पहिल्यांदा. मग माझ्याच्याने थांबवेना.

तंत्रज्ञ : अहो, पण हा गेम शिकत असतो. ते मनात डावा हात उचलतात, तेव्हा मेंदूतून कसले संकेत येतात ते होडीच्या वळणाशी जुळवून ठेवतो. वळवत होतात तुम्ही. सगळं चुकीचं शिकलाय तो.

मुलगी : मला वाटलं, मदतच होतेय.

तंत्रज्ञ : करायला गेलात एक आणि झालं भलतंच. आता सगळं पुसून पहिल्यापासून. यावरच पुढे त्यांची चाकाची खुर्ची चालणार आहे. भिंतीवर आदळले असते म्हणजे?

मुलगी : बाबांना मशीन बिघडलं म्हणून सांगा ना. पाया पडते तुमच्या.

बाबा : (पलीकडून) हातपाय गेलेत गं, कान शाबूत आहेत. या इकडे दोघी.

मुलगी : बाबा, चुकलं माझं.

बाबा : परवा सत्तर खडक चुकवले, ते?

मुलगी : मीच.

बाबा : आणि मी तुझ्या दादाला फोन करून केवढ्या फुशारक्या मारल्या!

मुलगी : फोन मीच धरला होता तुमच्या कानाला.

बाबा : एकसुद्धा वळण माझं नव्हतं?

तंत्रज्ञ : असेलही, काका. पण आता वेगळं काढता येत नाही.

बाबा : मग पुसा. आणि घाला टोपी.

मुलगी : थांबा, मी घालते.

बाबा : नको, त्या घालतील. तू बाहेर बस.

मुलगी : रागावलात?

बाबा : रागावलोय, खोटं कशाला बोलू? पण मला आता खूप आपटायचंय, आणि ते तुला बघवणार नाही.

मुलगी : दार उघडं ठेवू?

बाबा : लाव.