काढ्यात बर्फ

तात्यापारा मोहल्ल्यातल्या लॅबमध्ये अनुश्री रक्त द्यायला थांबली होती. मागच्या बाकावर दोन बायका बोलत होत्या.

"वनमालाताई, भाऊजी शुगरसाठी काडेचिराईताचा काढा घेऊन राहिले का?"

"हव. स्वतःच गाळतात. वरून संत्र्याचं साल पिळतात, गुळाचा पाक अन् बर्फ टाकतात."

"काढ्यात बर्फ?"

"अन् जुनी रम. आपलं शहर राज्याची राजधानी झाल्यापासून इथं हॉटेलात असंच कडू-गोड देतात म्हणे."

"बाप्पा! मग शुगर वाढली असंन त्यांची?"

"त्यांची तेवढीच आहे. माझीच दोनशे ऐंशी निघाली. मले तर काही समजूनच नाही राहिलं."

"तुम्हीपण पिता का?"

"छे! मी काहून पिऊ? पाक बरोबर पडला का, एवढंच चाखून सांगते. ग्लास सरला की ते बिचारे दुसरा बनवतात."