वज्रदलची फाइल

हॅलो? … हां, बोल केदार. … येतोय आवाज. थांब, कुकरखालचा गॅस बारीक करते. … हां, बोल.

नाही रे, अजून नाही पाठवली. … माहितीये, आठ दिवस झाले. … कुरिअरवाला फ्रीगंजलाच आहे, लांब नाहीये, मान्य. … अरे, ऐक ना…

हो, सापडलीय. बाबांच्या अलमारीत, वरच्या खणात. … धड आहे गेमची कॅसेट. कागद थोडा निघालाय, पण 'वज्रदल' वाचता येतं. मागे तुझं अक्षर आहे, 'केदार, नववी ब'. …

जुना व्हिडिओ गेम विकत आणलास? अनयसाठी? … का तुझ्यासाठी? … बरं, बरं. म्हणजे बापलेक मिळून सातवी लेव्हल पार करणार.

तेच बोलायचंय. … नाही, आई बरी आहे. काल बाबांचं महिन्याचं झालं ना, दमलीय. पडलीय जरा. … मी ठीक आहे. ऐक तर.

कॅसेट नुसती नव्हती. फाइलमध्ये होती. … फाइल रे, त्यांची बँकेतली असायची तसली, लाल नाडीची. आत पत्र आहे, टाइप केलेलं. कार्बन कॉपी. गेम बनवणाऱ्या दिल्लीच्या कंपनीला.

हसू नकोस. … बरं, हस. मीपण आधी हसलेच.

हिंदीत, मग काय. बाहेरचं सगळं ते हिंदीतच लिहायचे. वाचू? … 'विषय: वीडियो गेम वज्रदल में पाई गई त्रुटियाँ.' … अरे, बँकेचा इन्स्पेक्टर माणूस! दुसऱ्या शाखेची तपासणी करावी तसा गेम तपासलाय. मुद्दे घालून.

पहिला मुद्दा, डब्यावर सहा योद्धे छापलेत, आत दोनच निघतात. तेही एकसारखे, फक्त रंग वेगळा. … हो ना? … आता हे ऐक. 'हाथीवाला योद्धा गजराज कहीं नहीं मिला. ग्राहक के पुत्र के पास गजराज का खिलौना है, और यह खेल उसी के लिए लिया गया था.' … हो, तोच. सोंड तुटलेला. …

आहे, तिसऱ्या लेव्हलचा पूलपण आहे. बटण दाबल्यावर योद्धा उशिरा उडी मारतो, तोवर तो पडलेला असतो, असं लिहिलंय. … म्हणजे तुझी चूक नव्हतीच. उगीच रिमोट आपटायचास. … आणि डब्यावर 'दोन खेळाडू' लिहिलंय, पण दुसरा फक्त पहिला मरायची वाट बघत बसतो. … दुसरी मीच रे! किती दुपारी बसले असेन तुझ्या मरणाची वाट बघत.

… असो.

कसं शोधलं म्हणजे? स्वतः खेळून. सकाळी, नळ यायच्या आधी, टीव्हीचा आवाज बंद करून. आपण झोपलेले असायचो. आईला विचारलं मी. ती म्हणते, 'मला वाटायचं, हे आत टाइप करतायत.'

हं. … आता सातवा मुद्दा. केदार, तू कुठे आहेस? … नाही, गाडी चालवत नाहीयेस ना? … मग बस कुठेतरी.

'सातवें स्तर का अंतिम द्वार खुलने पर खेल समाप्त नहीं होता. पुनः पहला स्तर आ जाता है. ग्यारह बार जाँचा गया.'

… हो. … हो रे, परत पहिली लेव्हल. … नाही, तुझी कॅसेट खराब नव्हती. दुकानातून दुसरी आणून बघितली, तेही लिहिलंय. त्यात शेवट घातलाच नव्हता कुणी.

तारीख? … अकरा फेब्रुवारी. … हो. तुझ्याकडून काढून घेतली त्याच आठवड्यात.

माहितीये मला, काय म्हणाले होते ते. 'वार्षिक परीक्षा आहे, बंद.' … आणि परीक्षा झाल्यावर, 'हरवली.' … तू तेराव्याला सांगत होतास ना सगळ्यांना, 'मी जिंकतच आलो होतो, आणि बाबांनी काढून घेतली.' हसत सांगितलंस. मी वाढत होते. हातात आमटीचं भांडं होतं माझ्या. … चिडले नाही रे. पण तू नुसता हसत नव्हतास.

म्हणून नाही पाठवली. तू ती लावणार, पार सातव्यापर्यंत जाणार, आणि मग… आणि सांगावं तर, त्यांनी इतकी वर्षं नाही सांगितलं, मी कोण सांगणारी? आठ दिवस हेच चाललंय डोक्यात.

शेवटची ओळ राहिलीय. वाचू? … नक्की?

'मेरा पुत्र प्रतिदिन कहता है कि कल वह यह खेल पूरा कर लेगा. उसे क्या उत्तर दूँ, कृपया सूचित करें.'

…

केदार?

… हं. … हं.

नाही, उत्तर नाहीये. दोन स्मरणपत्रांच्या कॉपी आहेत फक्त. … आलंच नसेल.

… पाणी पी थोडं. … मी आहे. ठेवत नाही.

…

बरं. मग नाही पाठवत. … कधी? … शनिवारी? अनयला घेऊन? … ये ना, आईला बरं वाटेल. आणि तो व्हिडिओ गेमपण आण, जुना टीव्ही आहेच आतल्या खोलीत. … हो, मी बसेन. दुसरी खेळाडू.

पण अनयला आधी सांगून ठेव, की त्याला शेवट… नको? … का? … अरे, पण तो विचारेल तेव्हा… बरं. तुझा मुलगा आहे, तू बघ.

शिट्टी झाली बघ. ठेवते. … काय? … फाइलवर ना? वर 'वज्रदल', आणि त्याखाली लाल पेनाने 'लंबित'. … हो, पेंडिंगच. … 'निकाली' लिहू? … नको?

… बरं. नाही लिहीत. राहू दे तसंच.

हो. ये शनिवारी. ठेवते.